डिशवाला येतो म्हणाला होता

वेस्टार-६ हा अमेरिकी उपग्रह फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडला गेला आणि भलत्याच कक्षेत जाऊन अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यान वर गेलं, अंतराळवीरांनी यानाबाहेर तरंगत जाऊन तो पकडला आणि पृथ्वीवर परत आणला. डागडुजी होऊन तो विकला गेला. ७ एप्रिल १९९० रोजी चिनी अग्निबाणावरून तो पुन्हा आकाशात चढला, तो एशियासॅट-१ हे नवं नाव घेऊन. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या १९९१ पासून भारतात उतरल्या त्या याच उपग्रहावरून. २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेला झी टीव्हीही त्याच्यावरूनच आला.

वाया गेलेला उपग्रह आकाशातून उतरवून आणणं माणसाला जमलं. त्याचं चित्र गच्चीपासून बाहेरच्या खोलीपर्यंतच्या शेवटच्या साठ-सत्तर फुटांत सुखरूप आणणं मात्र पुढची कित्येक वर्षं धड जमलं नाही. तीन दिवसांत येतो म्हणून दहा दिवस न फिरकलेला माणूस, आला तर शिडी विसरलेला, शिडी असली तर ड्रिलचं पातं तुटलेलं, हे अनुभव महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी घेतले आहेत. दोष नेहमी तंत्राला दिला गेला. खरी अडचण तंत्रात क्वचितच असायची. वायर ओढणारा आणि भिंतीला भोक पाडणारा माणूस नेमका कुणाचा, दुकानाचा, गल्लीचा, सरकारचा की कुणाचाच नाही, यावर त्या घरातला टीव्ही लागणं न लागणं अवलंबून राहिलं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यालाही त्याचे कार्यक्रम दिसू लागले. मुंबईतल्या गच्च्यांवरचे अँटेना वरळीकडे आणि पुण्यातले सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. टीव्ही ज्या दुकानातून घेतला तेच दुकान अँटेना बसवून देई. दुकान पेठेतलंच असे. चित्रात मुंग्या दिसू लागल्या तर गिऱ्हाईक सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर हजर होई, आणि दुकानदाराला तोंड चुकवायला जागा नसे. टीव्हीसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे, दर वर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ही कटकट १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली, पण तिच्यात निदान रांग कुठे लावायची हे ठाऊक असे.

अँटेना फिरवणं हे घरचंच काम होतं. एक जण गच्चीवर पाइप धरून, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीपुढे, आणि तिघांच्या आरोळ्यांतून चित्र स्थिर व्हायचं. शिव्या कुणाला द्यायच्या याबाबत शंका नसे. कावळा बसला, वारा सुटला, शेजाऱ्याने आपला पाइप आपल्या पाइपला टेकवला. कारण डोळ्यांना दिसत होतं.

उपग्रहाचं चित्र थेट छतावर उतरवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग मात्र शहरांत झालाच नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. आंध्र प्रदेश, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि कर्नाटक ही ती राज्यं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण प्रयोगाची सूत्रं हलवणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे होते. गावात पंचायतीपाशी किंवा शाळेपाशी दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची डिश उभी राहायची. ती देशातच तयार केलेली. संच बिघडणार हे आधीच धरलेलं होतं, म्हणून प्रयोगाच्या आराखड्यातच दुरुस्तीची केंद्रं, सुटे भाग आणि खेडोपाडी फिरणारी पथकं होती. ही गोष्ट नंतरच्या कुठल्याच कंपनीने इतकी मनावर घेतली नाही.

याच प्रयोगातली एक डिश श्रीलंकेत गेली. भूस्थिर उपग्रहांतून दळणवळण होईल, असं १९४५ मध्येच लिहून ठेवणारे लेखक आर्थर क्लार्क कोलंबोत राहत. इस्रोच्या अभियंत्यांनी तिथे जाऊन त्यांच्या घरी ती बसवून दिली. घरगुती गिऱ्हाइकाकडे अवकाश संस्थेचे अभियंते स्वतः डिश लावायला आले, असं भाग्य त्यानंतर कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला आणि पुढच्या वर्षी दूरदर्शनने लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लावला. काही महिने तर दिवसाला एक या वेगाने ते उभे राहत होते. जिल्ह्याच्या गावात शंभर वॉटचा प्रक्षेपक उपग्रहाचं चित्र झेलायचा आणि आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरना वाटायचा. सपाटीवर हे ठीक चाललं. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत घरं दरीत आणि प्रक्षेपक डोंगरापलीकडे. मग पोफळीच्या किंवा बांबूच्या लांबच लांब काठ्यांवर अँटेना चढले, त्यांना बूस्टर लागले, आणि पावसाळ्यात ते उतरवून माळ्यावर ठेवायची वेळ आली. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ सुरू असताना डोंगरउतारावरच्या ज्या एका घरात चित्र स्वच्छ दिसे, त्या घरात रविवारी सकाळी अख्खी वाडी जमे.

केबल ही मुंबईची हुशारी. १९८०च्या दशकात इमारतीतल्या एका घरात व्हीसीआर ठेवायचा आणि तिथून प्रत्येक मजल्यावर वायर सोडायची, असा धंदा सुरू झाला. रात्री एक हिंदी सिनेमा, दुपारी एक, महिन्याला ठरलेले पैसे. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं आणि पंचतारांकित हॉटेलांत सीएनएनवर बॉम्बफेक थेट दिसू लागली, तेव्हा याच व्हीसीआरवाल्यांना पुढची वाट दिसली. बारा-सोळा फुटांच्या डिश इमारतींवर चढल्या. मुंबईतून एशियासॅटकडे पाहायचं म्हणजे डिशचं तोंड पूर्व-आग्नेयेला, सुमारे ४७ अंश वर. ही मापं काढून देणारे लोक मूठभर होते आणि त्यांना चांगला भाव होता. एका डिशवर तीन-चारशे घरं पोसली जात.

केबलवाल्याबद्दल आज जिव्हाळ्याने बोलायची पद्धत पडली आहे. तेवढा तो भला नव्हता. गल्ली त्याची, वायर त्याची, दरही तोच ठरवणार. दुसऱ्याची वायर आपल्या हद्दीत आली तर ती रात्रीत कापली जाई, आणि मुंबई-ठाण्यात अशा भांडणांतून मारामाऱ्या झाल्या. जोडण्या हजार असताना सरकारदरबारी दोनशे दाखवायच्या, ही या धंद्याची सर्वमान्य रीत होती. कायदा उशिरा आला. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा, तोवर देशभर जाळं विणून झालं होतं. वायर नारळाच्या झाडावरून, विजेच्या खांबावरून, दुसऱ्याच्या बाल्कनीच्या गजातून जायची. जुन्या संचांना मोजक्याच वाहिन्या लागत, म्हणून वरच्या वाहिन्यांसाठी वेगळा कन्व्हर्टर घ्या, असं तो सांगे आणि तो कन्व्हर्टरही त्याच्याकडेच मिळे.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. क्रिकेटचा सामना सुरू असताना चित्र गेलं, की पंधरा मिनिटांत कुणीतरी पोरगा खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून गच्चीवर दिसायचा. त्याला गिऱ्हाइकाची काळजी होती म्हणून नव्हे. तो त्याच गल्लीत राहत होता आणि संध्याकाळी त्याच नाक्यावर त्याला चहा प्यायचा होता.

या केबलवाल्याला टाळून थेट घरावर लहान डिश लावायची सोय १९९७ मध्येच येऊ घातली होती. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने तयारी केली होती. सरकारने जुलै १९९७ मध्ये अधिसूचना काढून या घरगुती उपग्रह सेवेला, म्हणजे डीटीएचला, बंदी घातली. भूमिका अशी, की परदेशी वाहिन्या थेट घरात शिरल्या तर त्यांच्यावर अंकुश राहणार नाही. केबलवरून त्याच वाहिन्या पाच-सहा वर्षं घराघरांत दिसत होत्या, ही गोष्ट वेगळी. बंदी नोव्हेंबर २००० मध्ये उठली, मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक नियम आले, आणि पहिली खासगी सेवा, डिश टीव्ही, ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली, ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय, आणि पुढच्या तीन वर्षांत सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन अशी रांगच लागली.

आता डिश घराघराची झाली, आणि दिशेचा प्रश्नही घराघराचा झाला. प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी. ८३ अंश पूर्वेवरचा उपग्रह मुंबईतून जवळपास दक्षिण-आग्नेयेला आणि बराच वर दिसतो, ९३.५ अंशावरचा नेमका आग्नेयेला. म्हणजे ज्यांच्या खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडतात त्यांची डिश खिडकीच्या ग्रिलला लागूच शकत नाही. समुद्र दिसणारं महागडं घर घेतलेल्या माणसाला डिशसाठी गच्चीच गाठावी लागे. आणि गच्ची सोसायटीची.

सहकारी गृहनिर्माण संस्था ही महाराष्ट्राची खासियत, आणि तिचे सेक्रेटरी ही त्याहून मोठी. गच्ची सामाईक, तिथे बोल्ट ठोकले की वॉटरप्रूफिंग जातं, वरच्या मजल्यावर पाणी गळतं, आणि त्याचं बिल कुणी भरायचं यावर पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन तास जातात. सेक्रेटरींचं म्हणणं चूक नव्हतं. पण कंपनीच्या माणसाला संमतिपत्राची गोष्ट फोनवर कुणी सांगितलेली नसे. तो तिसऱ्यांदा आलेला, गच्चीच्या कुलपाची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला. तो परत जायचा आणि कंपनीच्या संगणकावर नोंद पडायची, ग्राहक उपलब्ध नव्हता.

तो माणूस कंपनीचा नसायचाच. कंपनी काम एका ठेकेदाराला देई, ठेकेदार पुढे दुसऱ्याला, आणि शेवटी मोटारसायकलवर पाठीला डिश बांधून येणाऱ्या पोराला जोडणीमागे ठरावीक रक्कम मिळे. दिवसाला जितक्या जोडण्या तितके पैसे. एका घरी दोन तास गेले तर त्याचं नुकसान. त्यामुळे बोल्ट चारऐवजी दोनच, वायर पट्टीत न बसवता खिडकीच्या फटीतून आत, आणि ‘ठरलेल्या मीटरपेक्षा वायर जास्त लागली, तिचे वेगळे पडतील’ हे सगळं झाल्यावर सांगायचं. त्याची चूक काढणं सोपं आहे. पाऊस, ऊन आणि पाचव्या मजल्याचा कठडा यांत उभं राहून तो जे कमवत होता त्यात दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

ग्रामीण महाराष्ट्रात याला आणखी एक पदर होता. २००५ नंतरची काही वर्षं खेड्यांत दहा-बारा तास भारनियमन चाले. डिश नीट बसली की नाही हे टीव्हीवरची सिग्नलची पट्टी पाहूनच कळतं, आणि माणूस तालुक्याहून येई तेव्हा वीज नसे. मग अंदाजाने तोंड वळवून, ‘लाइट आली की बघा’ सांगून तो जाई. लाइट रात्री यायची. पडद्यावर सिग्नल उपलब्ध नसल्याची सूचना, आणि फोनवर गोड आवाजात ‘मराठीसाठी अमुक दाबा’.

तरीही वाड्या-वस्त्यांवर डिश रुजली ती गरजेपोटीच. पन्नास घरं दोन डोंगरांवर विखुरलेली असतात तिथे केबल ओढणं कुणालाच परवडत नव्हतं. जांभ्याच्या भिंतीत बोल्ट ढिला पडतो, खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत डिश गंजते, वानर तिच्यावर उडी मारतात आणि तोंड दोन अंशांनी फिरतं. तेवढंही चित्र जायला पुरतं. लोक हे सगळं शिकले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्वतः नट सैल करून डिश जुळवणारी माणसं गावोगाव तयार झाली. कंपनीने शिकवलेली नव्हे, कंपनीची वाट पाहून कंटाळलेली.

पावसात चित्र जातं, याला तर इलाजच नव्हता. केबलवाल्याच्या मोठ्या डिश सी-बँडवर चालायच्या, सुमारे चार गिगाहर्ट्झ, आणि पावसाच्या थेंबांना त्या लहरी फारशा जुमानत नाहीत. घरगुती डिशचा केयू-बँड बारा गिगाहर्ट्झच्या आसपासचा. त्याच्या लहरी जोरदार सरीत शोषल्या जातात. लहान डिश शक्य झाली ती याच बँडमुळे, आणि जुलैत मुंबई-कोकणातल्या पडद्यावर चौकोन उमटले तेही त्याच्यामुळेच. विक्रेत्यांनी हे आधी सांगितलं असतं तर निम्मे फोन वाचले असते. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा रोज काही मिनिटं चित्र बिघडतं. हेही घराघरांत ‘कंपनी बोगस’ या एकाच सदरात जमा झालं.

जुलै २०१० मध्ये तर खुद्द उपग्रहानेच दगा दिला. इन्सॅट-४बी ची वीज कमी पडली आणि त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. त्याच्यावरून चालणाऱ्या सन डायरेक्टला ९१.५ अंशावरच्या मलेशियन उपग्रहावर जावं लागलं. ९३.५ वरून ९१.५, म्हणजे फक्त दोन अंश. पण ते दोन अंश घरोघरी जाऊन, प्रत्येक डिशचा नट सैल करून, हाताने फिरवायचे होते. पृथ्वीवरून बटण दाबून होणारं हे काम नव्हतं.

ग्राहकाच्या बाजूने नियम नव्हते असं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २००७ मध्ये डीटीएच सेवेच्या दर्जाचे नियम केले. तक्रारीला क्रमांक द्यायचा, ती सुटली नाही तर नोडल अधिकारी नेमलेला हवा, सेट-टॉप बॉक्स विकत, हप्त्याने आणि भाड्याने अशा तिन्ही प्रकारांनी मिळायला हवा. नोडल अधिकाऱ्याचं नाव विचारणारे ग्राहक किती होते हा प्रश्न आहे; बहुतेकांनी फोन आपटला आणि दुसऱ्या कंपनीकडे गेले. तिथे तिसरीच गोम होती. परवान्याच्या अटींत बॉक्स कुठल्याही कंपनीच्या सेवेला चालेल असा हवा, असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे कधी चालला नाही. अशा बॉक्सची सक्ती करावी, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये पुन्हा केली, म्हणजे तोवर मार्गदर्शक नियम येऊन एकोणीस वर्षं उलटून गेली होती. दरम्यान कंपनी बदलायची तर नवा बॉक्स, नवी डिश, नवी भोकं. जुनी डिश काढायला कुणी येत नसे. एका कठड्यावर तीन-तीन डिश दिसतात त्या यामुळे.

केबलच्या ग्राहकांची सुटका झाली नाहीच. दक्षिण मुंबईत २००७ च्या सुरुवातीला बॉक्सची सक्ती आली. नोव्हेंबर २०१२ पासून सगळ्या मुंबईत आणि एप्रिल २०१३ पासून पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली अशा शहरांत बॉक्सशिवाय केबल बंद झाली. फॉर्म, फोटो, ओळखपत्र, आणि बॉक्स आले नाहीत म्हणून थांबलेल्या याद्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या एकेक निवडायच्या झाल्या: तेव्हा पहिल्या शंभरांचे १३० रुपये, कर धरून १५३, आणि पुढे प्रत्येक वाहिनीची वेगळी किंमत. घरातल्या आजीची मालिका कुठल्या पॅकमध्ये बसते हे शोधण्यात घरोघरी संध्याकाळी गेल्या.

या सगळ्यात सर्वांत कमी बोभाटा झाला तो सरकारी मोफत डिशचा. गावातला इलेक्ट्रिशियन बाजारातून सामान आणतो, एकदाच पैसे घेतो, डिश आग्नेयेला ९३.५ अंशावरच्या उपग्रहाकडे वळवतो आणि जातो. महिन्याचा रिचार्ज नाही, कॉल सेंटर नाही, पाठीशी कुठलीही मोठी कंपनी नाही. बिघडली तर बोलवायचा माणूस तोच, आणि तो सोमवारच्या बाजारात भेटतो. वाहिन्या कमी आहेत, पावसात हीही जाते, पण बसवून घेण्याचा मनस्ताप हिच्यात कमी राहिला याचं श्रेय उपग्रहाला नाही, त्या इलेक्ट्रिशियनला द्यायला हवं.

पैसे भरून डीटीएच पाहणारी घरं २०२० च्या सुमारास देशात सात कोटींच्या आसपास होती. ट्रायच्या आकडेवारीनुसार मार्च २०२५ अखेर ती ५ कोटी ६९ लाखांवर आली. मोफत डिशची घरं या हिशेबात नाहीत.